विष्णुपंतांची जोडी

अकरा वाजून पाच मिनिटांनी परभणीच्या बियाणे संघातले सगळे कॉम्प्युटर एकदम ठप्प झाले. सलग तिसरा दिवस.

१९९३ साल होतं. कॉम्प्युटरची जबाबदारी विष्णुपंतांची. सर्व्हरला त्यांनीच हट्टानं दोन नेटवर्क कार्डं बसवून घेतली होती. दोघांनी काम वाटून घ्यायचं, एक बंद पडलं तर दुसऱ्यानं ओढायचं. "आता काही अडायचं नाही," असं ते सगळ्यांना ऐकवत सुटले होते. तोंडघशी पडल्यावर मात्र त्यांनी झाडलोट करणाऱ्या कडूबाईचं नाव घेतलं. झाडूनं तार ओढली असणार! व्यवस्थापक माधवरावांनी तिला काढून टाकायचं पत्र टाइप करून ठेवलं होतं. ते आज संध्याकाळी तिच्या हातात पडणार होतं.

माधवरावांच्या केबिनमधून वाफाळता चहा आला. विष्णुपंतांनी कप उघड्या कपाटातल्या एका सीलबंद खोक्यावर ठेवला आणि कडूबाईला बोलावलं.

"सर्व्हरच्या खोलीत कधी झाडता?"

"दहाला, सायेब."

"अकराला कुठं असता?"

"मागं नळावर. फडकी धुवायले असते. तारेला म्या हात बी लावत न्हाई. लय भ्या वाटतं तिचं."

विष्णुपंत ओशाळले. एवढं साधं त्यांनी तिला आधी विचारलंच नव्हतं. शिवाय झाडूत अडकली तर एक तार अडकेल. दोन्ही कार्डांचे दिवे एकाच क्षणी कसे विझले?

ते तारांच्या मागे मागे गेले. दोन्ही तारा एकाच हबमध्ये शिरत होत्या. हब म्हणजे सगळ्या टेबलांच्या तारा एकत्र येतात तो डबा. त्याचा प्लग माधवरावांच्या केबिनमध्ये उपसून पडला होता.

त्यांनी वायरमन मुंजाजीला गाठलं.

"हब दोन आणले होते. दोन्ही तारा एकातच का?"

"तुमीच म्हणले ना, दोघांची जोडी लावा? जोडी एकाच जुवाला जुंपतेत की, पंत. एक डबा उरला, ठिवला कपाटात."

कपाटातल्या खोक्यावर कपाचा ओला गोल अजून होता.

विष्णुपंतांनी सगळ्यांना माधवरावांच्या केबिनमध्ये बोलावलं.

"साहेब, अकराला तुमची चहाची विजेची किटली लागते. तिच्यासाठी तुम्ही हा प्लग काढता."

माधवराव चपापले. "म्हणजे गुन्हेगार मी?"

"नाही. दोन कार्डं दोन हबांना जोडून टेबलांच्या ताराही दोघांत वाटल्या असत्या, तर एक प्लग निघाल्यानं सगळं बंद पडलं नसतं. मी मुंजाजीला नीट सांगितलं नाही, नंतर पाहिलंही नाही. रोज तोच चहा प्यालो आणि नाव कडूबाईंचं घेतलं. गुन्हेगार मी आहे."

माधवरावांनी पत्र फाडलं. विष्णुपंतांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

दारातून कडूबाईनं हळूच विचारलं, "मंग उद्या येऊ नं, सायेब?"

"या," विष्णुपंत म्हणाले. तिच्या तोंडाकडे पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.