लांबत गेलेला उतार

निघालो होतो आम्ही ब्रेड आणायला. दिवा राहू दे स्वरांगी, चारलाच अंधारून आलंय. चहा घे आणि ऐक. महिनाभर फोन करकरून विचारतेयस ना, मी माझा फ्लॅट सोडून आईकडे का ठाण मांडून बसलेय? मग आता मधे बोलायचं नाही.

दोन हजार दहाचा डिसेंबर. मी बारा वर्षांची, माझा भाऊ सलील सात. डब्लिनला असा बर्फ कधी पडत नाही, आणि पडला की या शहराचं डोकंच फिरतं. शाळा बंद, बस बंद, दुकानातला ब्रेड गायब. बाबा ब्युमॉन्ट हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर दोन दिवस अडकलेले. आई म्हणाली, "रेवा, कोपऱ्यावर ब्रेड मिळतोय का बघ, आणि सलीलला घेऊन अंधाराच्या आत घरी ये." मी शहाण्यासारखं हो म्हटलं आणि टेकडीवरून बर्फात घसरायला मागच्या दाराने तिची कणकेची परात लंपास केली.

पुण्याहून आलेली, स्टीलची, ही एवढी मोठी! बाकीची पोरं काय, 'घर विकणे आहे'चे फलक उपटून त्यावर बसायची. कोणी ट्रे आणायचा, कोणी कचऱ्याच्या डब्याचं झाकण. पण आमच्या परातीची सर कशालाच नव्हती. ती सरळ जायचीच नाही, भोवऱ्यासारखी गरगरत जायची. पोटात गोळा, नाकात बर्फ, आणि खाली पोचल्यावर आकाश कुठे नि जमीन कुठे ते कळत नसे. अगं, काय मजा यायची!

टेकडी म्हणजे खरी टेकडी नव्हे हं. आमच्या इस्टेटच्या, म्हणजे घरांच्या वसाहतीच्या, मागे एक बिल्डर मंदीत काम अर्धवट टाकून पळाला होता, त्याचा हा मातीचा ढीग. फार तर एक मजला उंच. मी वरून मोठ्याने मोजायचे. एक, दोन, तीन, चार, पाच, की धप्प! पाच आकड्यांत खेळ खलास.

सलीलचं एक होतं. जन्म इथला, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून एक शब्द काढेल तर शपथ. आई मराठीत ओरडायची आणि हा 'आयॅम ग्रँड, मम', म्हणजे मी मजेत आहे, म्हणून मोकळा. मला ताईसुद्धा म्हणायचा नाही. आजी पुण्याहून फोनवर "बाळा, बोल ना रे" म्हणायची, की हा फोन माझ्या हातात कोंबून धूम ठोकायचा. आईला ते फार लागायचं.

तर त्या दिवशी चारच्या सुमाराला बाकीची पोरं एकेक करून घरी गेली आणि ढीग आमच्या दोघांचाच झाला. मग सुरू झाली गंमत. सलील गेला, सात आकडे झाले. मी गेले, अकरा. मला वाटलं, बर्फ दाबून दाबून गुळगुळीत झालाय म्हणून. आता गुळगुळीत झाला तर वेळ कमी लागायला हवा ना? पण तेव्हा हे डोक्यात कुठलं यायला! एकोणीस झाले तेव्हा आम्ही दोघं बर्फात नुसते नाचलो. "अगेन! अगेन!" सलीलचे गाल टोमॅटो झाले होते. आणि ऐक, वर चढताना मात्र दर वेळी तीच बारा पावलं.

माझ्या पुढच्या पाळीला चाळीस झाले. गरगरताना मला दिसत होतं, बाजूला घरांची धुराडी हवी होती, ती नव्हती. कोळशाच्या धुराचा वास हवेत दिवसभर भरून होता, तोही गेला. नुसता निळसर पांढरा उतार आणि परातीची किणकिण. थांबले तेव्हा कानात दडे बसले होते. वर पाहिलं तर सलील बोटाएवढा दिसत होता.

घाबरले का? घाबरले. पण त्याहून जास्त, आणखी हवं होतं. खोटं कशाला बोलू, आज सांगतानाही अंगात तीच सुरसुरी येतेय.

वर आले तोवर दिवे लागले होते. ब्रेड राहिलाच होता. सलील परात हिसकावून तीत बसलासुद्धा. "वन मोर, रेवा! पुश मी!" मी नको म्हणायला हवं होतं. मी दोन्ही हात त्याच्या पाठीला लावले आणि होता नव्हता तो जोर काढून ढकललं.

एक, दोन, तीन... तो खिदळत होता. चाळीस. साठ. शंभर झाले. हसू बारीक होत गेलं, पण थांबलं नाही. दीडशेला माझा आवाज चिरकला. दोनशे... "सलील?"... दोनशे दहा...

मी धावत खाली उतरले. बारा पावलांत सपाट जमीन आली. समोर तारेचं कुंपण. ना परात, ना सलील. आणि हसू... हसू अजून खालूनच येत होतं. माझ्या पायांखालून. खूप लांबून...

मी गुडघ्यांवर बसून नखांनी बर्फ उकरायला लागले. किती वेळ, देव जाणे. तेवढ्यात ढिगाच्या माथ्यावरून आवाज आला.

"ताई, चल ना घरी. आई काळजी करत असेल."

सलील उभा होता. तेच निळं जाकीट, तोच पुढचा पडलेला दात. हात रिकामे. मी त्याला कवटाळलं, पटापट पापे घेतले, पाठीत एक धपाटाही घातला. इतकी खूश होते मी, की अर्ध्या रस्त्यात गेल्यावर माझ्या लक्षात आलं, हा मराठी बोलतोय.

ब्रेड कुठे, परात कुठे, हे विचारायचं आईला सुधरलंच नाही. त्याने आपणहून फोन लावायला सांगितला, आणि "आजी, तुझे गुडघे कसे आहेत?" इथपासून जो सुरू झाला तो अर्धा तास बोलत होता. आई ओढणीने डोळे पुसत दाराशी उभी. झोपताना मी तिला हळूच म्हटलं, "आई, हा आपला सलील नाही." आयुष्यात एकदाच तिने माझ्या थोबाडीत दिली, ती तेव्हा.

मग मी गप्प बसले. आणि हा सलील गुणी निघाला गं. बाबा गेले तेव्हा आईला यानेच उभं केलं. नोकरी गॉलवेला, तरी दर शुक्रवारी गाडी मारत तिच्यासाठी येतो. माझा जीव आहे त्याच्यावर, अगदी मनापासून सांगते. तो ढीगही केव्हाच सपाट झाला, तिथे आता पार्किंग आहे. तरी सोळा वर्षं, बर्फाचा अंदाज आला की मी कान देऊन बसते.

गेल्या महिन्यात पडला. शुक्रवार, साडेचारची वेळ. आई आत आडवी झाली होती, आम्ही दोघं स्वयंपाकघरात. मागून हसू ऐकू आलं. आधी बारीक... मग मोठं... मग अगदी अंगणात. माझं काळीज आनंदाने उडालं, स्वरांगी! पोचला! माझा सात वर्षांचा सलील पोचला!

सलीलने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता. "ताई..." तो कुजबुजला, "तो आत आला तर मला जावं लागेल."

"कुठे?"

"खाली..." एवढंच म्हणाला आणि माझी बाही घट्ट धरली. सोळा वर्षांत यावर आम्ही पहिल्यांदा बोलत होतो.

दारावर टकटक झाली. कमरेच्या उंचीवर. आतून आई म्हणाली, "सलील, बघ रे कोण आलंय."

"हो आई," माझ्या मागून आवाज आला.

"कमिंग, मम!" दाराबाहेरून आला.

मी कडी लावली. खालचीसुद्धा लावली.

तो रडला असता तर मी उघडलं असतं गं. पण तो हसतच होता. "स्टॉप मेसिंग, रेवा! इट्स फ्रीझिंग!" त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय. मी नेहमी करायचे ना...

मंगळवारी बर्फ वितळला. टकटक थांबली नाही. रोज साडेचारला होते. सलीलला मी गॉलवेलाच राहा म्हणून बजावलंय. मी नसताना आईने दार उघडलं तर काय, म्हणून मी इथून हलत नाही.

आणि ती टकटक रोज थोडी वर सरकतेय, स्वरांगी. आधी कमरेशी होती, मग छातीशी. परवा माझ्या डोक्याच्याही वर झाली. आवाज फुटलाय, चांगला घोगरा झालाय. तरी रोज हसायचा.

काल हसला नाही.