आत राहिलेली वार

"दगडाच्या काळजाची आहेस तू! लेकरू भुकेनं कासावीस झालंय आणि तू खुशाल भिंतीकडे तोंड करून पडलीस?" सासूबाईंचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला.

सुनेनं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. दुधानं तटतटलेल्या छातीवर घट्ट पट्टा आवळला होता आणि बाळाच्या प्रत्येक टाहोसरशी जीव तुटत होता... सांगून टाकावं का? छे! सासूबाईंचा सारा जन्म सुईणपणात गेलेला, स्वतःच्या हातांवर त्यांची केवढी श्रद्धा! त्यांना ते सोसवलं नसतं. नवऱ्यालाही तिनं शपथ घालून गप्प केलं होतं.

इतक्यात डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. सासूबाई त्यांच्यावरच घसरल्या, "बाळामागून पडणारी वार मला का नाही दाखवलीत? पुरी पडली का, हे बघितल्याशिवाय मी कुठल्या बाळंतिणीच्या घरून निघाले नाही!"

"आजी, वार आतच आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" डॉक्टरीणबाई चकित झाल्या. "मूल गर्भाशयात नव्हतंच, बाहेर पोटात वाढलं; ऑपरेशन करून काढावं लागलं. वार आतड्यांना चिकटलीय. ओढली असती तर रक्त थांबलं नसतं. आता ती हळूहळू जिरेल, पण धोका टळलेला नाही. औषध असं आहे की अंगावर पाजायची सोय नाही. इतके महिने दुखत असताना हिला आणलं का नाही कोणी?"

"मीच... मीच कोणाला बोलले नाही," सून घाईघाईनं म्हणाली.

सासूबाई खाटेच्या कडेवर बसून स्वतःच्या हातांकडे बघू लागल्या. कळा येतात म्हणून रडणाऱ्या सुनेचं पोट त्यांनीच चाचपलं होतं, आणि 'पहिलटकरणीचं कौतुक' म्हणून तिला दवाखान्यात जाऊ दिलं नव्हतं!

डॉक्टरीणबाई गेल्यावर त्या पुटपुटल्या, "खोटं का बोललीस गं?"

"आई, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

सासूबाई हुंदके देत उठल्या. नर्सनं ठेवलेली दुधाची बाटली त्यांनी बाळाला लावली, ते निजलं. मग नर्सला विचारून त्यांनी सुनेचा पट्टा सैल केला आणि ठणका उतरावा म्हणून हलक्या हातानं थोडं दूध वाटीत काढलं.

"आई, बाळाला एक थेंब तरी...?"

"नाही गं माझ्या राणी."

वाटी घेऊन त्या मोरीपाशी गेल्या. नळ सोडला... पण वाटी रिकामी करायला कितीतरी वेळ हात काही धजेना.