पायावरचा पाय

पटलं तर ठेवा, नाही पटलं तर सोडून द्या. पण मी रचून सांगतेय असं म्हणू नका, कारण असलं घाणेरडं काही रचायची मला हौस नाही. मला मुळात पायांचीच किळस आहे. बसमध्ये शेजारच्यानं चपला काढून पाय वर घेतले की मी उठून दुसरीकडे बसते.

ही माझ्या आतेबहिणीची गोष्ट. ती ड्रम वाजवते, म्हणून घरात सगळे तिला ठोकताई म्हणतात. तिनं मला हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

भुताच्या गोष्टीत रात्र असते. इथं भर दुपार होती. पण बँडची सरावाची खोली तळघरात, त्यामुळे आत दुपार काय नि रात्र काय, सारखंच. खिडकी नाही. आवाज अडवायला भिंतींना जुने गालिचे ठोकलेले, आणि वर एक ट्यूबलाइट, तीही मनात येईल तेव्हा लागणारी.

ठोकताईला बँडमध्ये घेतलं होतं, पण कच्चं. बँडचा म्होरक्या गिटार वाजवतो, त्याला सगळे दाढी म्हणतात. तो तोंडावर बोलला होता, "हात झकास आहेत तुझे. पाय मात्र झोपलाय. शनिवारच्या कार्यक्रमापर्यंत उठला तर ठीक, नाही तर मी दुसरा ड्रमर बघतो."

ठोकताई ऑफिसातली नोकरी सोडून बसली होती. आत्या ते रोज जेवताना बोलून दाखवायची. म्हणजे ही जागा गेली असती, तर सगळंच मुसळ केरात.

आता पायाचं काय ते सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही. मोठा ड्रम पायानं वाजवतात. पायाखाली लोखंडी पट्टी असते, तिला पेडल म्हणतात. ती दाबली की साखळी ओढली जाते आणि समोरचा दांडा ड्रमवर आपटतो. एक ठोका कुणीही मारेल. पण जलद गाण्याला एका झटक्यात दोन लागतात. टाच उचलायची, चवड्यानं पहिला मारायचा, आणि पाय वर न घेता तसाच पुढे सरकवून बोटांनी दुसरा. ठोकताईचा पहिला ठोका दणदणीत. दुसरा मात्र म्हाताऱ्याच्या शिंकेसारखा, आला तर आला.

त्या दुपारी ती एकटीच सरावाला गेली आणि तिच्या पेडलची स्प्रिंगच तुटली. दुष्काळात तेरावा महिना.

खोलीचे मालक, त्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी जिन्याखालून एक जुनं पेडल काढून दिलं. फडक्यात गुंडाळलेलं. हातात धरतानाही त्यांनी फडकं सोडलं नाही.

"बूट घालून वाजव," काका म्हणाले.

"का हो?"

"त्याला अनवाणी पाय लावायचा नाही, एवढंच."

"आहे कुणाचं?"

"मी ही खोली घेतली तेव्हापासून इथंच आहे." एवढं बोलून ते वर निघून गेले.

ठोकताईला वाटलं, काका आपलं सामान जपतायत. आणि बूट घालून ती वाजवणार कशी? रबरी तळ पट्टीला धरून बसतो. पाय पुढे सरकतच नाही. मग दुसरा ठोका येणार कुठून?

तिनं उजवा बूट काढला. मोजाही काढला. पाय पट्टीवर ठेवला.

पट्टी... कोमट होती.

तळघरातलं लोखंड गार असायला हवं. हे कोमट होतं, आणि ओलसर. दुसऱ्याच्या पायातून आत्ताच निघालेला बूट आपण घालावा, तसं.

तिनं मोज्यानं पट्टी पुसली. मोज्याला काहीतरी चिकटून आलं. पांढरं, भिजलेलं, पापुद्र्यासारखं. तिनं उजेडात धरून बघितलं.

कातडी होती. टाचेची सोललेली कातडी.

आणि वास सुटला. दिवसभर बुटात कोंडलेल्या पायाचा, आणि त्याच्या खालून काहीतरी आंबल्याचा. मी असते तर तिथंच ओकले असते. पण शनिवार डोक्यावर होता. तिनं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली आणि पाय ठेवला.

धप्.

आणि लगेच... धप्.

दुसरा ठोका आला. पहिल्याइतकाच दणदणीत. तिनं पुन्हा मारला. पुन्हा दोन. वेग वाढवला. दोन, दोन, दोन, एकही चुकेना. ती एकटीच हसायला लागली. इतकी वर्षं डोकं आपटलं, आणि आज एका भंगार पेडलवर जमलं.

ती थांबली. दम घ्यायला तिनं पाय पट्टीवरून उचलला.

पाय हवेत होता. आणि...

धप्.

स्प्रिंग सैल असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पुन्हा पाय ठेवला. या वेळी खाली बघत वाजवलं.

तेव्हा तिला वजन जाणवलं.

पायाच्या वर. कुणीतरी तिच्या पायावर पाय ठेवला होता.

दिसत काही नव्हतं. फक्त तिची कातडी दबून पांढरी पडत होती. वरून ओलं, गरम मांस चिकटलं होतं. बोटांच्या फटींत बोटं घुसत होती. एक नख वाढलेलं होतं, ते अंगठ्याशेजारच्या बेचक्यात रुतत होतं. पहिला ठोका ती मारायची. मग तो वरचा पाय तिचा पाय दाबून पुढे सरकवायचा, आणि दुसरा ठोका पडायचा. लहान मुलाचा हात धरून मुळाक्षरं गिरवून घेतात ना, तसं चाललं होतं.

मी तिला विचारलं, "अगं, पळाली का नाहीस?"

"दुसरा ठोका येत होता ना," ती म्हणाली.

बाकीचे येईपर्यंत ती वाजवत राहिली. दाढी दारातच थांबून ऐकत होता.

"उठला की तुझा पाय," तो म्हणाला. मग त्यानं नाक आक्रसलं. "इथं काय मेलंय?"

ठोकताईनं ओल्या पायावर घाईघाईनं मोजा चढवला.

घरी आत्यानं तिला उंबऱ्यातच अडवलं. "बूट बाहेर. आधी पाय धू. माणूस आहेस का कोण?"

तिनं पाय धुतला. ब्रशनं घासला. पायाची वरची बाजू पांढरीफटक, सुरकुतलेली, ढीगभर धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी. तळवा मात्र कोरडा. आत्यानं वाकून बघितलं. तिनं पावडर आणून दिली, पण स्वतः लावली नाही. लहानपणापासून पोरीचे पाय चेपून देणारी बाई, त्या दिवशी तिनं हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ठोकताईनं स्वतःचं पेडल दुरुस्त करून आणलं आणि ते जुनं काकांना परत दिलं. काका तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते. पायाकडे बघत होते.

"अनवाणी लावलास?"

"नाही."

"बरं." त्यांनी फडकं गुंडाळलं. "पेडल तेवढं घेतो मी परत."

तेवढं म्हणजे काय, हे तिनं विचारायच्या आत ते जिना चढून गेले होते.

शनिवार आला. स्टेजवर तिचं स्वतःचं पेडल होतं. पायात जाड मोजे, आवळून बांधलेले बूट. पाय कोरडा. तिनं मनाशी ठरवलं होतं, दुसरा ठोका नाही आला तर नाही आला. जागा गेली तर गेली. पण ती घाण नको.

जलद गाणं सुरू झालं. पहिला ठोका तिनं मारला.

बुटाच्या आत... काहीतरी पसरलं.

मोज्याच्या आत, तिच्या कातडीला लागून. ओलं. गरम. बूट आवळत गेला. लेस ताणली गेली. बेचक्यात नख रुतलं.

धप्.

रबरी तळ, तरी पाय लोण्यासारखा सरकत होता. गाणं संपेपर्यंत एकही ठोका चुकला नाही. मध्येच तिच्या तोंडात आंबट आलं, ते तिनं गिळलं. खाली लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"हा पाय मी आता सोडत नाही," दाढी म्हणाला. जागा पक्की झाली.

हे सगळं ऐकून मी खुर्ची जरा मागे घेतली. ते तिच्या लक्षात आलं.

"मग सोडून दे ना ते वाजवणं," मी म्हणाले.

"सोडलं होतं. दाढीला तब्येतीचं कारण सांगितलं आणि हातच लावला नाही. पाय कोरडा झाला. वासही गेला. आई पण पुन्हा जवळ बसायला लागली."

"मग?"

तिनं चहाचा कप बाजूला सारला.

"मग मीच जाऊन बसले. एकटी. बूट काढून. त्याची किळस येतेच गं. पण मी त्याची वाट बघते, याची जास्त येते."

ती निघाली. दाराशी बसून तिनं डावा बूट घातला, लेस बांधली. मग उजव्या बुटात पाय घातला.

लेस बांधली नाही. थांबली.

मागून कुणी येत असलं की आपण दार धरून थांबतो, तशी थांबली. आणि मग बुटाची लेसखालची जीभ... हळूहळू वर उचलली गेली. आतून.

तेव्हा तिनं लेस बांधली. उजवा बूट डाव्याहून मोठ्या मापाचा होता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"येते गं," ती म्हणाली.

जेवून जा, असं मी तिला नेहमी म्हणते. त्या दिवशी म्हणाले नाही.