निळ्या लोकरीचा माग

"दोन बोटं! अक्के, कालच्यापेक्षा दोन बोटं खाली!"

शहादेव तळ्याच्या पायरीवर पालथा पडून ओरडला. नऊ वर्षांच्या या पठ्ठ्याला हळू बोलणं कुणी शिकवलंच नव्हतं.

"वरडू नको, शाद्या! बांधावर माणसं हायेत," त्याची बहीण अंजना दबक्या आवाजात म्हणाली.

पण बांधावरच्यांना सगळं दिसत होतंच. लव्हाळा पिवळा पडला होता, पाणकोंबड्या उघड्या चिखलात बिचकत फिरत होत्या आणि उरल्यासुरल्या पाण्यात मासे तोंडं वर काढत होते. आषाढात मच्छीमार सोसायटीनं सोडलेली माशांची बोटुकली आत्ता कुठं वीतभर झाली होती.

"दुष्काळ तर हायेच," बांधावरून कुणीतरी म्हणालं. "पर धावपट्टीच्या वर वढ्याला पाणी हाय, मग खाली कावून न्हाई? रामकिसननं सही केली अन् तळं इकलं!"

रामकिसन म्हणजे अंजनाचे वडील, अण्णा, सोसायटीचे चेअरमन. गावाजवळची जुनी विमानाची धावपट्टी लांबवायची ठरली, तेव्हा कामावरचे सुपरवायझर सुंदरराव कागद घेऊन आले होते. तळ्यात येणाऱ्या ओढ्याकाठची पाणथळ मुरुमानं भरावी लागेल, पण खालून मोरी टाकू, थेंबभर पाणी अडणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. त्या शब्दावर अण्णांनी सही ठोकली. आता उद्या नऊ वाजता तळ्यावर बैठक होती. आहेत ते लहान मासे काढून टाकायचे आणि अण्णांनी राजीनामा द्यायचा! अण्णा दोन दिवस धड जेवलेही नव्हते.

"सुंदरराव म्हणतोय मोरी ठीक हाय, वढाच आटला," अंजना दात-ओठ खात म्हणाली. "मला बघायचंय."

"बघणार कशी? धावपट्टीवर कुणाला जाऊ देत न्हाईत," म्हाळू म्हणाला. म्हाळू तिच्याच सातवीच्या वर्गातला, धनगरवाड्यातला. दिवाळीच्या सुट्टीत हे तिघं म्हणजे एकच टोळी होती.

"वरून न्हाई जायचं. खालून!"

मोरीचं खालचं तोंड कोरडं ठणठणीत होतं. सिमेंटच्या पाइपात कोळ्यांनी जाळी विणली होती. म्हाळूनं बाहेर थांबून कुणी आलं तर शीळ घालायची असं ठरलं, आणि अंजना गुडघ्यांवर आत शिरली.

दहा हात गेल्यावर मागून कुणीतरी तिचा परकर धरला. ती किंचाळणारच होती!

"मीच हाय," शहादेव कुजबुजला. आयुष्यात पहिल्यांदाच!

"तुला कुणी बोलावलं?"

"कुणीच न्हाई."

आता त्याला परत पाठवायचं म्हणजे वळायला जागा हवी, आणि ती नव्हती. दोघं सरपटत पुढं निघाली. गुडघे सोलवटले, श्वास पाइपात मोठा ऐकू येऊ लागला. एवढ्यात डोक्यावर गडगडाट झाला. रोलर! पाइप थरथरला, सांध्यांतून माती दोघांच्या मानेवर पडली. अंजनानं शहादेवचं डोकं छातीशी घट्ट दाबलं. भिंत आत बसली तर? आपण इथं आहोत हे एकट्या म्हाळूला ठाऊक! तिला रडू फुटायचं बाकी राहिलं. पण रोलर हळूहळू लांब गेला आणि पाइप जागचा हलला नाही.

वरच्या तोंडाशी पोचल्यावर तिनं डोकं बाहेर काढलं आणि बघतच राहिली. पाणी होतं! मोरीच्या तोंडाखाली चांगलं दोन हात. ते मुरुमाच्या भरावाला अडून डावीकडं वळत होतं आणि फरश्या टाकून झाकलेल्या एका चरात गुडूप होत होतं.

"मोरी तुंबली न्हाई, शाद्या! मोरी उंच बसवलीय!"

"कोण आहे रे तिथं?"

वर काठावर खुद्द सुंदरराव उभे होते. पलीकडून म्हाळूची शीळ आली, पण फार उशिरा!

"साहेब, मोरी वढ्याच्या वर हाय," अंजना पाइपातून बाहेर भरावावर येत म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. "पाणी या चरात चाललंय. चर कुठं जातो?"

"आता पोरं मला लेव्हल शिकवणार!" सुंदरराव उसळले. "ते पाणी जमिनीत मुरतं. पळा, नाहीतर पोलिसांत देईन!"

बोलता बोलता त्यांची नजर पत्र्याच्या कुंपणामागच्या खदानीकडं गेली. तिथलं इंजिन भकभक करत मुरुमावर मारायला पाणी उपसत होतं. खदान टँकरनं भरतो, असं ते गावात सांगत. पण गेल्या आठ दिवसांत गावातून एकतरी टँकर गेला होता का?

संध्याकाळी धनगरवाड्यात तिघांची खलबतं चालली.

"अण्णांना सांग की," म्हाळू म्हणाला.

"अण्णा माझं ऐकतील, गाव कावून ऐकंल? लेकीनं बापाची बाजू घेतली म्हणतील. पाणी खदानीत जातंय हे समद्यांना डोळ्यांनी दिसाया पायजे."

म्हाळूचे आजोबा धुळाजी घोंगडीवर बसून कातरीला धार लावत होते. "पोरांनो, सकाळी लवकर उठा. कातरायच्या आधी मेंढरं धुवायचीत डोहात."

"आन् मंग दरसाली लोकर आमच्या लव्हाळ्यात येऊन अडकती!" शहादेव हसत म्हणाला. "पाणकोंबड्या घरट्याला नेत्यात."

अंजना ताडकन उठली. डोह ओढ्यातच, धावपट्टीच्या वरच्या अंगाला होता!

"आजा, तुमच्या मेंढरांना खूण कसली?"

"पाठीवर निळीचा पट्टा. पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचा न्हाई."

"मंग लोकर जिथं जाईल, तिथंच वढ्याचं पाणी जातंय!"

धुळाजींनी कातर खाली ठेवली आणि तिच्याकडं निरखून पाहिलं. "लई बेरकी हायेस गं!"

सकाळी सातलाच मेंढरं डोहात उतरली. बें-बें असा एकच कल्लोळ! म्हाळू आणि धुळाजी पाठी खसखसून चोळत होते आणि सुटलेल्या निळसर लोकरीचे पुंजके पाण्यावर तरंगत खाली चालले होते. भरावाशी ते डावीकडं वळले आणि फरश्यांखाली नाहीसे झाले. शहादेव खदानीच्या कुंपणाबाहेर दबा धरून बसला.

नऊ वाजले. तळ्यावर माणसं जमली, जाळी आली. अण्णांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. अंजनाला ते बघवेना.

"आबासाहेब, थोडं थांबा!" ती सोसायटीतल्या सगळ्यात जुन्या सभासदापुढं जाऊन म्हणाली.

"पोरी, कशासाठी थांबायचं?"

काय सांगणार? लोकर अडकलीच नाही तर? खदानीवरचं इंजिन अजून भकभकतच होतं. भक्... भक्... मग ते खोकल्यासारखं खरखरलं आणि बंद पडलं.

"अक्के! अडकलीऽऽ!" लांबून शहादेवचा आवाज आला. या वेळी त्याला कुणी गप्प केलं नाही.

"फकस्त खदानीपर्यंत चला! अण्णा, तुमी बी!"

माणसं पोचली तेव्हा मजुरांनी पाण्यातला पाइप वर ओढला होता. त्याच्या तोंडाच्या जाळीला लोकरीचा हा एवढा गोळा! ओला, मळकट आणि निळा.

"कुणी टाकली ही घाण?" सुंदरराव तणतणत होते.

डोहावरून आलेल्या धुळाजींनी पुंजका पिळून उजेडात धरला. "माझ्या मेंढरांची हाय. आत्ता वरच्या डोहात धुतली."

"टँकरच्या पाण्यातून आली असेल!"

"टँकरात मेंढरं धुता काय, सायेब?" धुळाजींनी विचारलं.

सगळी खदान हसली. आबासाहेब मात्र हसले नाहीत. अंजनानं मोरी किती उंच आहे आणि चर कुठून निघतो, ते सगळं सांगितलं. दोघा मजुरांनी आपणहून फरश्या उचलल्या. खाली ओढ्याचं पाणी खळाळत होतं, आणि त्यावर निळी लोकर!

सुंदररावांचा चेहरा उतरला, मग त्यांनी सगळं कबूल केलं. ओढ्याचा तळ आधीच भरावाखाली गाडला गेला होता, त्यांनी मोरीची उंची भरावावरून मोजली. खदानीचा जुना चर आयता होता, त्यातून पाणी आपोआप येऊ लागलं. टँकरची कटकट मिटली म्हणून ते गप्प बसले.

"आमचे मासे मरत होते, साहेब," अण्णा एवढंच म्हणाले.

तासाभरात चराच्या तोंडाशी वाळूची पोती पडली. पाणी चढत चढत मोरीपर्यंत आलं आणि दुपारी खालच्या तोंडातून कोळ्यांची जाळी वाहून नेत बाहेर पडलं. शहादेव त्यात आडवाच झाला! आबासाहेबांनी अण्णांच्या हातातला राजीनामा घेतला आणि टराटरा फाडला.

"रामकिसन, आमी तुला नको ते बोललो. आन् या तिघांनी आमचे डोळे उघडले. सोसायटीच्या बुकात यांची नावं लिवायची!"

आठवड्यानं मोठे इंजिनिअर स्वतः आले. मोरी खाली घेऊ, पाणथळीवरचा जादा भराव काढू, असं त्यांनी लिहून आणलं होतं. "चेअरमन, इथं सही करा," ते म्हणाले.

अण्णांनी कागद वाचला, घडी घातली आणि अंजनाच्या हातात दिला.

"मोरी झाली की ही आतनं जाऊन बघंल," ते म्हणाले. "मंग सही."