आठ दातांचा कौल

भर दुपारी दातांच्या लॅबपर्यंत दोन मजले चढून आल्यामुळे ठकूला धाप लागली होती. त्यामुळे "तुमची कॅप बसत नाही" हे वाक्य जितक्या रागाने म्हणायचं तिने ठरवलं होतं, तितकं काही जमलं नाही.

खिडकीपाशी बसलेल्या माणसाने घासायची मोटर बंद केली आणि तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढला. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर प्लास्टरची पांढरी पूड बसली होती. वय फार तर चोवीस-पंचवीस. पण त्या पुडीमुळे तो म्हातारा दिसत होता... डोळे तेवढे तरुण.

"माझी?" तो म्हणाला. "मला अजून कॅपची गरज पडलेली नाही."

"डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून आलेय मी. आजोबांच्या दाढेची कॅप. अर्धा तास तोंड उघडून बसले होते बिचारे."

त्याने हात पुढे केला. तिने डबी दिली. मागच्या फळीवरून त्याने आजोबांच्या मापावरून ओतलेला प्लास्टरचा जबडा काढला, कॅप दाढेवर ठेवली आणि बोटाने हलकेच दाबली. टक्. जणू तिथेच उगवली होती.

"बसली," तो म्हणाला.

"मग आजोबांना का नाही बसली?"

"माप घेतल्यावर किती वेळाने पाठवलंत?"

ठकूचा चेहरा उतरला. दाताचं माप म्हणजे एक मऊ लगदा असतो. तो तोंडातून काढला की लगेच ओल्या कापडात गुंडाळून लॅबला पाठवायचा, नाहीतर तो सुकून आकसतो. हे डॉक्टरबाईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"खिडकीत ठेवलं होतं," ती म्हणाली. "उन्हात. कोरड्या डब्यात. एक लहान मुलगी रडत होती, तिची समजूत काढायला गेले. मग... जेवून घेतलं. दीड तास झाला असेल."

"जेवायला काय होतं?"

"का?"

"नाही, दीड तास लागला म्हणून विचारलं."

ती हसणार होती, पण हसणं तिला परवडणारं नव्हतं. त्याने फोन उचलला. "डॉक्टरबाई, माप पुन्हा लागेल. कॅप नवीन करतो, परवा मिळेल." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "चूक शोधत बसलो तर वेळ जाईल, त्यापेक्षा कॅप लवकर होईल," एवढं बोलून त्याने फोन ठेवला आणि मोटर सुरू केली.

ठकू दवाखान्यात परतली आणि चूक आपली होती हे तिने स्वतःच सांगून टाकलं. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कवळीवाल्याने सांगितलं नाही ते तू सांगतेस होय? बरं. आता मापं तूच नेत जा."

कवळीवाला. दवाखान्यात त्याला याच नावाने ओळखत. सतराव्या वर्षी तो लॅबमध्ये शिकायला लागला आणि आता ती लॅब तोच चालवत होता. ठकू दंतवैद्यकाची प्रवेश परीक्षा दुसऱ्यांदा देऊन निकालाची वाट पाहत होती, आणि तोवर डॉक्टरबाईंच्या हाताखाली काम करत होती. तिला पुढे लहान मुलांच्या दातांची डॉक्टर व्हायचं होतं. रडणारं पोर तिच्याकडे पाहून गप्प व्हायचं, हे तिचं एकमेव भांडवल, असं ती म्हणायची.

आठवड्यातून दोनदा ती माप घेऊन जायची. ओल्या कापडात, वर पिशवी, पिशवीवर वेळ लिहिलेली. तो घड्याळात बघायचा. "बारा मिनिटं. जेवलेल्या दिसत नाही."

"उपाशी आलेय. पुण्य लागेल तुम्हाला."

मग तो डब्यातला अर्धा भाग तिच्यापुढे सरकवायचा, आणि गुलाबी मेणाचा तुकडा दिव्यावर धरून त्याला दाताचा आकार कसा द्यायचा ते दाखवायचा. तिचे दात वाटाण्यासारखे व्हायचे. तो ते फेकत नसे. खिडकीच्या चौकटीवर ओळीने मांडून ठेवायचा. "पेशंट आला तर?" ती विचारायची. "सांगेन, एका शेळीची ऑर्डर आहे." मोटरच्या घरघरीत एकमेकांचं बोलणं नीट ऐकू यायचं नाही, म्हणून दोघं जवळ सरकून बसायचे... आणि मोटर बंद झाल्यावरही तसेच बसायचे.

निकाल लागला. दोन पत्रं आली.

पहिलं याच शहरातल्या नामांकित कॉलेजचं. मोठी इमारत, मोठं नाव, सगळ्या विषयांत स्पेशलायझेशनची सोय, लॅबपासून चालत वीस मिनिटं. दुसरं सहा तासांवरच्या गावातल्या जुन्या कॉलेजचं. त्याचं नाव फारसं कुणी घेत नसे. पहिल्याची फी दुसऱ्याच्या तिप्पट होती. पैसे शनिवारपर्यंत भरायचे होते.

बाबा घड्याळं दुरुस्त करत. रस्त्यालगत दोन गाळ्यांचं दुकान, त्यातला एक गाळा विकायचं त्यांनी पत्र वाचता वाचताच ठरवून टाकलं. "मला लागतं काय? एक टेबल, एक खुर्ची," ते म्हणाले. "नाव मोठं असलं की पुढची दारं उघडतात. पैशाचं माझ्यावर सोड." आई म्हणाली, "हो म्हण बाई एकदाची. ते तरी झोपतील."

ठकूला 'हो' म्हणवेना आणि 'नाही'ही म्हणवेना. नाही म्हटलं तर बाबांना वाटणार, पोरीने आपल्यावर दया केली. ती दया ते जन्मभर उरात बाळगतील. तिला दया दाखवायची नव्हती, खरं कारण हवं होतं. आणि तिचा स्वतःवरही विश्वास नव्हता. महागड्या कॉलेजचा विचार आला की इमारतीआधी तिला ती वीस मिनिटांची वाट आठवत होती.

बुधवारी तिने त्याला विचारलं. "तुमच्याकडे सगळ्या डॉक्टरांची कामं येतात. कोण कुठं शिकलं ते तुम्हाला माहीत असतं. तुम्ही सांगा."

तो मेण खरवडत राहिला. "मी मत देणार नाही."

"का?"

"माझ्या मतात भेसळ आहे."

"कसली भेसळ?"

त्याने मोटर सुरू केली. हातात घासायला काहीच नव्हतं, हे तिच्याही लक्षात आलं आणि त्याच्याही. मोटर बंद झाली.

"उद्या दुपारी बाबांना घेऊन या," तो म्हणाला. "म्हणावं, भिंगही आणा."

गुरुवारी बाबा आले. कपड्यांना इस्त्री, खिशात घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग. टेबलावर प्लास्टरचे आठ जबडे एका रांगेत मांडले होते. प्रत्येकावरचं डॉक्टरांचं नाव चिकटपट्टीने झाकलेलं, वर एक ते आठ आकडे.

"कॅप बसवायच्या आधी डॉक्टर दात चारी बाजूंनी कोरतात," तो सांगू लागला. आवाज नेहमीपेक्षा कोरडा होता. "त्याला खाली एक कड येते. कड सलग आणि स्वच्छ असेल तर कॅप वर्षानुवर्षं टिकते. तुटक असेल तर आतून कीड लागते. हे आठही डॉक्टर शिकून बाहेर पडून चार-पाच वर्षं झालेले. चार इथल्या कॉलेजचे, चार तिकडचे. तुम्ही फक्त कड बघा."

"मला दातांतलं काय कळतं?" बाबा म्हणाले.

"तुम्हाला कड कळते."

बाबांनी भिंग डोळ्याला लावलं. पाऊण तास गेला. बाबा जबडा उचलत, उजेडात फिरवत, खाली ठेवत, पुन्हा उचलत. ठकू बाबांकडे बघत होती. तो ठकूकडे बघत होता. तिने मान वळवली की तो जबड्यांकडे बघायचा.

शेवटी बाबांनी चार जबडे पुढे सरकवले. "हे हात बसलेले आहेत. बाकीच्यांचं डोकं चांगलं असेल, पण हातांना अजून सराव हवा."

त्याने चिकटपट्ट्या काढल्या. चारांपैकी तीन सहा तासांवरच्या कॉलेजचे निघाले. चौथा डॉक्टरबाईंचा होता, आणि त्या इथल्याच कॉलेजात शिकलेल्या.

"आठ दात म्हणजे काही पक्का पुरावा नव्हे," तो लगेच म्हणाला. "मी मुद्दाम निवडले नाहीत, फळीवर पुढे होते ते घेतले. तरी तुम्ही डॉक्टरबाईंना विचारा."

विचारलं. डॉक्टरबाई हातमोजे काढत म्हणाल्या, "माझी कड? ती मला कॉलेजने नाही दिली. तिथं पेशंट कमी आणि विद्यार्थी भरपूर, मागच्या रांगेतून बघायचो आम्ही. बाहेर पडल्यावर दोन वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यांत शिकले. तिकडच्या कॉलेजसमोर सकाळी सातला पेशंटची रांग लागते. पोरांना हात चालवावाच लागतो."

"आणि स्पेशलायझेशन?" बाबांनी विचारलं. "नाव लागेल ना तिथं?"

"त्याची परीक्षा सगळ्यांना एकच असते. नावाचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, पहिली नोकरी मला नावावरच मिळाली. पण इथं स्पेशलायझेशनची फी वेगळी भरावी लागते, ते पत्रात लिहिलेलं नाही. गाळा आत्ता विकलात तर तेव्हा काय विकाल?"

घरी जाताना वाटेत थांबून बाबांनी भिंग रुमालात गुंडाळलं. "तिकडेच जा तू," ते म्हणाले. "मी वाचलो म्हणून नाही हं. मी पाहिलं म्हणून सांगतोय."

"माहीत आहे, बाबा."

"आणि गाळा राहू दे. पुढच्या परीक्षेला लागला तर आहे." दहा पावलं चालून ते पुन्हा थांबले. "तो पोरगा चांगला आहे. तू इथं राहिली असतीस तर त्याचा फायदाच होता की."

ठकू चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकली. चप्पल ठीकच होती.

पैसे शुक्रवारीच भरले. निघायच्या आदल्या दिवशी, भर उन्हात, ती दोन मजले चढली. या वेळी हातात माप नव्हतं. तो काम करत नव्हता. पापण्यांवरची पूडही पुसलेली होती, म्हणजे वाट बघत होता.

"आभार मानायला आले," ती म्हणाली. "बाबांचा गाळा वाचला. मला माझं कारण मिळालं. तुम्ही नसता तर मी—"

"कौल बाबांनी दिला. मी फक्त पट्ट्या चिकटवल्या."

"हो, आणि स्वतःच्या विरुद्ध चिकटवल्या." ती म्हणाली. "एकदा 'राहा' म्हणाला असतात..."

"म्हणालो असतो तर तुम्ही राहिला असतात?"

"राहिले असते."

"म्हणून नाही म्हणालो." बोलण्याआधी त्याने दोन्ही हात पँटला पुसले. "दर आठवड्याला दोनदा जिन्यावर पाय वाजायचे. मला ते पाय ओळखू यायला लागले, तेव्हाच कळलं होतं मला. पण माझ्यासाठी कुणाच्या हातांची पाच वर्षं वाया जावीत, हे मला आवडलं नसतं. तुम्हाला ते नंतर आवडलं नसतं. आणि मग मीही आवडलो नसतो."

खाली रस्त्यावर कुणाचा तरी हॉर्न वाजला. ठकूने पदर नसल्यामुळे ओढणीने डोळे टिपले, आणि हसलीही.

"बरं, आभार नकोत तर नकोत. मग काय हवं?"

"रविवार."

"कोणता?"

"जमतील तेवढे." आता तो भरभर बोलू लागला. "पहाटे पाचची गाडी आहे. अकराला पोचते. परतीची शेवटची तीनला, म्हणजे नऊपर्यंत घरी. मध्ये चार तास मिळतात."

"चार तासांसाठी बारा तास गाडीत?"

"कवळीला याहून जास्त वेळ जातो."

ती खुर्चीवर बसली. फळीवरचा पेन्सिलीचा तुकडा घेऊन तिने टेबलावरच्या प्लास्टरच्या पुडीत एक रेघ ओढली. एका टोकाला टिंब, दुसऱ्या टोकाला टिंब. थोडा विचार करून तिने रेघेच्या बरोबर मध्यावर तिसरं टिंब दिलं.

"इथं काय आहे?"

त्याने वाकून पाहिलं. "गाडी थांबते तिथं. चहाचं दुकान आहे, एक तळं आहे. बाकी काही नाही."

"मी तीन तास येईन. तू तीन तास ये."

'तू' म्हटलेलं तिच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं. तो त्या मधल्या टिंबाकडे बघत राहिला. ओठ हलत होते, तो मनात आकडेमोड करत होता.

"दहा," तो म्हणाला. "आठ ते सहा, दहा तास मिळतील, ठकू."