खोडाला कळलं ते

“खोड दाबू नकोस, कुमुद. हलकं धर आणि फिरव. दगडाला काय सांगायचंय ते तो सांगेल.”

सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी सहाणेवर पाणी शिंपडलं की कुमुदिनीबाईंना हा आवाज ऐकू येई. आजही आला. नवऱ्याचं सुतक फिटल्यावरची ही पहिली पूजा. रडू येत नव्हतं. आत काही उरलंच नसावं, तसं झालं होतं. त्यांनी चंदनाचं खोड सहाणेवर ठेवलं, एक फेरा दिला आणि हात थांबला.

पुन्हा एक फेरा.

ही सहाण त्यांची नव्हती. दिसायला तीच, तसाच वाटोळा, काळा दगड. पण ती नव्हे.

“वहिनी, काय झालं?” दारातून दिरानं, कारखान्यात कोठार सांभाळणाऱ्या शरदचंद्रानं विचारलं. “काल मीच पूजेची उपकरणी चिंचेनं घासून ठेवली. म्हटलं, तुमचा नेम सुरू होऊ दे.”

जन्मात देवापुढे उदबत्ती न लावलेल्या त्या माणसाकडे बाईंनी नुसतं पाहिलं. “काही नाही, भाऊजी.”

पूजा पुरी करून त्या अंबरनाथच्या पोलीस चौकीची वाट चालू लागल्या.

नवरा गेला त्या प्रदोषाच्या संध्याकाळी बाई शिवमंदिरात गेल्या होत्या. परतल्या तेव्हा हरिचंद्रराव परसात विहिरीपाशी पडलेले, डोकं फुटलेलं. शेजारी मोळीवाला धाकलू उभा, खांद्यावर कुऱ्हाड. दुपारीच दोघांची बाचाबाची झाली होती. पोलिसांनी त्याला तिथूनच नेलं. सुतकात त्याची बायको जिवली बारवी नदीकडच्या पाड्यावरून येऊन अंगणात बसली होती.

“बाय, त्याला फाशी देतील का वं?”

“त्यानं केलं नसेल, तर मी स्वतः त्याला तुझ्या दारात आणून सोडीन,” बाई बोलून गेल्या होत्या. का, ते त्यांनाही कळलं नव्हतं.

फौजदार कमळाकर प्रधानांनी सगळं ऐकून घेतलं.

“सहाण बदलली? कशावरून?”

“जुनीवर तिळाएवढा खळगा होता. दर फेऱ्याला खोड तिथे अडखळायचं.”

“तुम्ही पाहिला होता?”

“नाही. डोळ्यांना दिसायचाच नाही.”

“पण पंचनाम्यावर सही करताना तुमच्या हातून टाक गळला. विषमज्वरात बोटं बधिर झाली, असं तुम्हीच म्हणालात.”

“टाचणी टोचली तरी कळत नाही. पण आंधळ्याला रस्ता कुठे लागतो, साहेब? मुठीत, की काठीच्या टोकाला? आमचे डॉक्टर म्हणाले होते, लाकडाची थरथर मनगटातून हाडांत चढते, आणि मेंदू ती नेऊन ठेवतो दगडावर.”

“कोर्टात हे सांगितलं तर वकील माझी टोपी उडवतील!”

तरी त्यांनी शेजारपाजारच्या सहाणा मागवल्या. बाईंचे डोळे बांधले. दगडांची जागा बदलत राहिले. खोड फिरवून बाई सांगत गेल्या: ही मघाची पहिली, ही खरबरीत, ही काठाशी झिजलेली. एकदाही चुकल्या नाहीत.

फौजदारांचं हसू गेलं.

“जखम कशी होती?” बाईंनी विचारलं. “कुऱ्हाडीची मागची बाजू चौकोनी असते.”

“वाटोळ्या काठाची,” ते सावकाश म्हणाले. “आम्हाला वाटलं, धाकलूनं ढकललं आणि पडताना विहिरीचा काठ लागला.”

जुनी सहाण तिथेच टाकली असेल, म्हणून परसातल्या विहिरीत गळ सोडला. शिपाई नुसताच हिसके देत होता. बाईंनी दोर मागून घेतला. “हा खडक… हा गाळ… थांबा. हे गोणपाट.”

गोणपाट वर आलं. आत कपची उडालेली सहाण, आणि कारखान्यातल्या पितळेचे तुकडे.

शरदचंद्र परसात उभाच होता. “धाकलूनंच टाकलं असणार,” तो म्हणाला.

“भाऊजी, देवघर स्वयंपाकघराच्या आत. धाकलूला आपण ओसरीची पायरीसुद्धा कधी चढू दिली नाही. त्या दिवशी सकाळी मी जुन्या सहाणेवरच गंध उगाळलं. मग नवी ठेवायला तो कोठडीतून येणार होता?”

शरदचंद्र एक पाऊल मागे सरला.

“आणि पितळ? ते तुमच्या हाताखालच्या कोठारातलं. तुम्ही ते चोरता, हे यांना कळलं असेल. भांडण देवघरापाशी झालं, हाताला सहाण लागली. मग यांना परसात ओढत नेलंत. माझा नेम चुकत नाही, हे तुम्हाला ठाऊक. सहाण नसती तर पहिल्या सकाळी मी विचारलं असतं. सुतकात देव झाकलेले, म्हणून तशीच दुसरी शोधायला वेळ मिळाला. डोळ्यांना फसवलंत. खोडाला नाही.”

“दादा सकाळी कारखान्याच्या साहेबांना सांगणार होता,” शरदचंद्र खाली बसला. “वहिनी, मी गेलो तर तुम्हाला कोण बघणार?”

बाईंनी गळाचा दोर खाली ठेवला. फौजदारांनी त्याला उठवून नेलं.

धाकलू सुटला त्या सकाळी बाईंनी विहिरीतून निघालेल्या सहाणेची चौकशी केली नाही. नव्या दगडावर गंध उगाळलं, देवाला लावलं. खुंटीवरची नवऱ्याची काठी घेतली आणि दाराला कडी घातली.

“बाय, तुमी कशाला येताव? लय लांब हाय. मी जातंय की,” धाकलू म्हणाला.

“जिवलीला शब्द दिलाय. चल पुढे.”

बधिर मुठीत काठी होती. तिच्या टोकाला आधी खडी लागली, मग मऊ माती. बाई चालत राहिल्या.