सतरा नंबरचं पाकीट

"चोरी झालीय, आणि पोलिसांत जायची सोय नाही." गुप्तहेर बाईंच्या घरी येऊन कार्यवाहबाई मटकन खुर्चीत बसल्या.

बायकांनी युद्धाविरुद्ध लिहावं म्हणून त्यांची संस्था दरवर्षी बक्षीस देई. संध्याकाळी निकाल होता, आणि पहिली आलेली सतरा नंबरची गोष्ट गायब!

गुप्तहेर बाईंनी चपला घातल्या. मागून त्यांचे निवृत्त यजमानही निघाले. घरी बसून करणार काय?

संस्थेत कपाट शाबूत होतं. किल्ली नेहमीसारखी खिळ्यावर.

"नावाचं बंद पाकीटही गेलंय," कार्यवाहबाई म्हणाल्या. "ते आम्ही स्टेजवरच फोडतो. फोटोग्राफरसमोर."

"सतरा नंबर पहिला, हे कुणाला ठाऊक?"

"काल बैठकीत ठरलं. मी, तिघी परीक्षक. चहा द्यायला मावशी होत्या."

ज्येष्ठ परीक्षक फणकारल्या, "माझं मत चार नंबरला होतं, म्हणून मी चोर?"

"गोष्ट कशी होती?"

"एक आई सैन्यात भरती झालेल्या मुलाचे बूट फडक्यांच्या टोपलीत लपवते," कार्यवाहबाई म्हणाल्या. " लिहिलीय पाठकोऱ्या कागदांवर. मागे आमच्याच गेल्या वर्षीच्या निमंत्रणपत्रिका! उरलेल्या सगळ्या कचऱ्यात टाकल्या होत्या."

मावशी जिना पुसत होत्या.

"मी काय सांगणार, बाई? परवा तर सुट्टीवर होते. पोराला गाडीत बसवून आले."

"अगं, ही परीक्षकच," यजमान कुजबुजले. "जळते मेली."

"अहो, गोष्ट तिघींनी वाचून झाली होती. ती चोरून निकाल बदलतो का? न वाचलेलं एकच उरलं होतं. नाव."

त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं.

"नाव लपवायचंय ते जिचं आहे तिलाच. कचऱ्यातल्या पत्रिका कुणाच्या हाती लागतात? कालच्या बैठकीत चहा कुणी दिला? आणि परवा पोराला कुठल्या गाडीत बसवलंत, मावशी?"

मावशींनी फडक्यांची टोपली उपडी केली. तळाशी कागदांचा गठ्ठा आणि बंद पाकीट होतं.

"लिहिलं तेव्हा घरी होता तो. मग बोलावणं आलं. पेपरात माझा फोटो बघून त्याचा साहेब पहिला कुणाला पुढे धाडेल?" पाकीट त्यांनी कमरेला खोचलं. "गोष्ट ठेवा. नाव नाही देणार."

"पण नियमात नाव लागतंच!" कार्यवाहबाई म्हणाल्या.

"युद्धाविरुद्ध लिहा म्हणता," गुप्तहेर बाईंचा आवाज चढला, "आणि एका फोटोसाठी तिचा पोरगा पणाला लावता? जळो तो नियम!"

कार्यवाहबाईंनी नियमांचा कागद घेतला आणि एका ओळीवर काट मारली.

संध्याकाळी फक्त नंबर पुकारला गेला. टाळ्या झाल्या. मग मावशी खुर्च्या आवरू लागल्या. यजमानांनीही दोन उचलल्या.

"मावशी, बूट खरंच लपवले होते?"

"लपवले होते की. ह्याच टोपलीत." त्यांनी खुर्ची घडी केली. "सापडले त्याला."